टेबलावर मावणारं विज्ञान

गोव्यात आयआयटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो जागेचा. २०१६ साली ही संस्था फर्मागुडीला, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, तात्पुरती म्हणून सुरू झाली. तेव्हापासून लोलये, मेळावली, सांगे, कोडार अशी गावांची नावं पाळीपाळीने वर्तमानपत्रांत येत राहिली. कुठे पठार, कुठे काजूची बागायत, कुठे कुळागरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा. जानेवारी २०२१ मध्ये मेळावलीतला विरोध इतका पेटला की प्रकल्प तिथून हलवत असल्याचं मुख्यमंत्र्यांना जाहीर करावं लागलं. एवढ्या वर्षांत या संस्थेत नेमकं कशावर काम व्हावं, कुठली प्रयोगशाळा गोव्याला शोभेल, कुठला प्रश्न इथे बसून सुटू शकेल, यावर चारचौघांत झालेली चर्चा मला आठवत नाही. आमचा सगळा वाद चौरस मीटरमध्ये झाला.

विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मेळावली ज्या तालुक्यात येते त्या सत्तरीतल्या कित्येकांच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन अजून त्यांच्या नावावर झालेली नाही. अशा माणसाने कुंपण घालायला आलेल्या सरकारला अडवलं, तर त्यात विज्ञानाचा द्वेष कुठून आला? पण त्याची वकिली मी करत नाही, त्याने ती स्वतः चांगली केली आहे. मला हरकत घ्यायची आहे ती सरकार आणि आपण सुशिक्षित मंडळी यांच्या एका गृहीतकाला. विज्ञान म्हणजे आधी मोठी जमीन, मग मोठी इमारत, आणि मग जमलं तर आत माणसं, हे ते गृहीतक. गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांच्या, शोधाचा इतिहास बघितला तर हा क्रम टिकत नाही.

वरवर पाहता हे उदाहरण माझ्यावरच उलटतं. या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाच्या दोन वेधशाळा, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, म्हणजे काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटरचे बाहू. याहून जास्त जागा खाणारा भौतिकशास्त्राचा प्रयोग शोधावाच लागेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी या यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची लहर टिपली. त्या क्षणी चार किलोमीटरच्या बाहूच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारे चारशेवा भाग होता. वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना २०१७ चं नोबेल मिळालं. इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर काय झालं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मुद्द्याला तेच हवं आहे.

या यंत्रात लेसरचा झोत दुभागून दोन्ही बाहूंत जातो, टोकाच्या आरशांवरून परततो, आणि परतलेले झोत एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतील अशी जुळणी केलेली असते. बाहेर पडायच्या दाराशी अंधार हवा. लहर आली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो, आणि त्या अंधारात थोडा उजेड पडतो. मोजायचा तो हाच उजेड. पण प्रकाश फोटॉनच्या तुकड्यांत येतो आणि ते तुकडे ठरलेल्या अंतराने येत नाहीत. मोजणीत आपोआप चढउतार राहतो. मग लेसरची शक्ती वाढवायची. फोटॉन शंभरपट केले की चढउताराचा सापेक्ष वाटा दहापट घटतो, म्हणून आज लायगोच्या बाहूंत काही लाख वॉट प्रकाश खेळत असतो. मात्र प्रकाश आरशाला ढकलतोही. फोटॉन जितके जास्त तितके हे धक्के जास्त, आणि तेही अनियमित. काचेच्या तंतूंवर टांगलेला ४० किलोचा आरसा त्या धक्क्यांनी हलतो. हे केवळ कागदावरचं नाही. २०२० साली लायगोच्याच आरशांवर ही हालचाल मोजली गेली, १ भागिले १ वर २० शून्यं इतके मीटर. शक्ती कमी ठेवा, मोजणी धूसर. वाढवा, आरसाच स्थिर राहत नाही. मॉस्कोत भौतिकशास्त्रज्ञ व्लादिमीर ब्रागिन्स्की यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलेली मर्यादा ही. मापन कितीही काळजीपूर्वक करा, या दोन चुकांची बेरीज एका पातळीखाली जात नाही असं त्या वेळी दिसत होतं.

१९८० च्या सुमाराला एक अडचणीचा प्रश्न उपस्थित झाला होता. लेसर एकच, तर त्याचा चढउतार दोन्ही बाहूंत सारखाच जाणार, आणि आपण मोजतो तो तर बाहूंमधला फरक. मग धक्क्यांचा उपद्रव उरतोच कुठे? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्ह्ज यांनी उत्तर दिलं की उपद्रव लेसरकडून येतच नाही, तो येतो अंधाऱ्या दारातून. तिथून काहीच आत शिरत नाही असं आपल्याला वाटतं, पण क्वांटम सिद्धांतात निर्वातही शांत नसतो. त्याची थरथर त्या दारातून आत येते आणि एका बाहूला जेवढं जास्त ढकलते तेवढंच दुसऱ्याला कमी. मोजणीतला गोंधळही तिचाच. मग १९८१ च्या निबंधात त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. दोष या दारातून येत असेल तर तिथे वेगळ्या जातीचा निर्वात पाठवू या.

हायझेनबर्गने १९२७ मध्ये घातलेली अट दोन राशींच्या अनिश्चिततेच्या गुणाकाराला लागू होते, एकेकट्या राशीला नव्हे. एकीकडची अनिश्चितता कमी करायची तर दुसरीकडे वाढवावी लागेल, पण कुठे कमी करायची हे आपण ठरवू शकतो. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस (पाण्याचा झडप-दरवाजा) भरतीचं पाणी नाहीसं करत नाही, शेतात कधी आणि किती येऊ द्यायचं ते ठरवते. दाबून घेतलेला प्रकाश, ज्याला सगळे स्क्वीझ्ड लाइट म्हणतात, तो हेच करतो. प्रकाशाच्या फेजमधली, म्हणजे त्याचा तरंग कुठल्या टप्प्यावर आहे यातली, अनिश्चितता घटवून तीव्रतेत ढकलतो, किंवा उलट.

आता तारखा बघा, कारण सरकारी 'मिशन'च्या भाषेत त्या बसत नाहीत. कल्पना १९८१ ची. असा प्रकाश पहिल्यांदा तयार झाला १९८५ मध्ये, बेल प्रयोगशाळेत. कमी कंप्रतेला तीव्रतेतली आणि जास्त कंप्रतेला फेजमधली अनिश्चितता आपोआप घटावी यासाठी काय लागेल, याचं गणित किंबल, थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पूर्ण केलं. प्रत्यक्ष गुरुत्वीय लहरींच्या यंत्रात हा प्रकाश आला २०१० मध्ये. लायगोत निरीक्षणाच्या कामाला तो लागला एप्रिल २०१९ पासून. २००१ चं गणित ३०० मीटरच्या एका जोड-पोकळीच्या, म्हणजे दोन टोकांना आरसे असलेल्या नळीच्या, रूपाने २०२३ च्या निरीक्षणाच्या फेरीत उतरलं. आणि २०२४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या यंत्राने ३५ ते ७५ हर्ट्झच्या पट्ट्यात ब्रागिन्स्कींच्या त्या पातळीच्याही खाली मजल मारल्याचं प्रसिद्ध झालं. कल्पनेपासून इथवर ४३ वर्षं. मधल्या काळात मूळ लायगो २००२ ते २०१० चाललं आणि त्याला एकही लहर सापडली नाही. आपल्या विधानसभेत असा प्रकल्प असता तर शून्य तासाला त्याचं काय झालं असतं, याची कल्पना करून बघा.

त्या प्रकाशाने मिळालं काय? २०१९ च्या फेरीत यंत्रांचा पल्ला, म्हणजे किती दूरची लहर टिपता येते ते अंतर, साधारण १२ ते १४ टक्क्यांनी वाढला. ऐकायला थोडं वाटतं. पण आकाश तिन्ही दिशांना पसरलेलं आहे. पल्ला १४ टक्के वाढला तर कवेत येणारं आकारमान जवळजवळ दीडपट होतं, आणि अपेक्षित घटनाही तितक्याच वाढतात. बाहू एक इंचही न लांबवता. ही करामत करणाऱ्या यंत्रणेचं काळीज म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक स्फटिक, ज्यात हिरवा लेसर शिरतो आणि अवरक्त फोटॉनच्या जोड्या बाहेर पडतात. भोवती आरसे, भिंगं, नियंत्रणाची सर्किटं. सगळं एका टेबलावर मावतं. पुढे ती ३०० मीटरची नळी लागली हे खरं, पण पहिली उडी टेबलाची होती.

ते टेबल फार नखरेल असतं. वाटेत प्रकाशाचा जो अंश वाया जातो, त्याची जागा लगेच साधा निर्वात घेतो आणि केलेली कमाई बुडते. आरशावरचा धुळीचा कण किंवा झोताची केसाएवढी चुकलेली जुळणी पुरते. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रयोगशाळेत २०१६ मध्ये प्रकाशातली अनिश्चितता १५ डेसिबेलने दाबता आली, लायगोत मात्र हा आकडा सहाच्या आसपास घुटमळतो. मधलं अंतर नवीन समीकरणाने भरून निघणार नाही. ते भरतात आरसे पुसणारे, स्क्रू पाव फेरा फिरवून थांबणारे, रात्रीच्या नोंदी ठेवणारे हात. कराचीत वाढलेल्या आणि एमआयटीत या कामाचं नेतृत्व केलेल्या नर्गिस मवालवाला यांच्यासारखी माणसं दशकानुदशकं त्याच प्रश्नाला चिकटून राहिली, आणि त्यांच्या टेबलाभोवती विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार झाल्या.

हॅनोव्हरचं नाव घेतलं, तर तिथे जरा थांबायला हवं. जर्मन आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९८९ मध्ये तीन किलोमीटर बाहूंचं यंत्र हवं होतं. पैसे मिळाले नाहीत. जर्मनीच्या एकीकरणानंतर तर तो विषयच मागे पडला. मग १९९५ मध्ये त्यांनी हॅनोव्हरजवळ विद्यापीठाच्या शेतीसंशोधनाच्या जागेत, शेतांच्या कडेने, ६०० मीटर बाहूंचं यंत्र उभारायला घेतलं. जिओ-६०० हे त्याचं नाव. लांबीत लायगोशी बरोबरी अशक्य, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून त्यांनी लांबीची स्पर्धा सोडून तंत्राची धरली. आरसे टांगायच्या नव्या पद्धती तिथे तावून सुलाखून निघाल्या आणि लायगोत गेल्या. २०१० मध्ये दाबलेला प्रकाश पहिल्यांदा कामाला लागला तो याच यंत्रात. स्वतः एकही ठळक शोध न लावता या छोट्या वेधशाळेने मोठ्यांच्या शोधांना हातभार लावला. गोव्याने कुणाचा कित्ता गिरवायचा असेल तर मला तरी हा दिसतो.

लायगोसारखी वेधशाळा गोव्यात होऊच शकत नाही. अरबी समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आणि तळावर आदळून काही सेकंदांच्या आवर्तनाचा सूक्ष्म कंप जमिनीत सोडत राहतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. मेक्सिकोच्या आखातातली वादळं लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला सतावतात ती अशीच. लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होत आहे त्यामागे समुद्रापासूनचं अंतर आणि दख्खनचा खडक हीही कारणं आहेत. तिथे जमीन घेतली गेली, कारण त्या प्रयोगाला खरोखरच चार किलोमीटर लागतात. जमीन मागताना एवढं सांगता आलं पाहिजे. मेळावलीत साधारण दहा लाख चौरस मीटर हवे होते ते कशासाठी, याचं इतकं सरळ उत्तर मी ऐकलेलं नाही. वसतिगृहं, मैदानं, अंतर्गत रस्ते आणि 'भावी विस्तार' ही उत्तरं शिक्षणसंस्थेची असतील, संशोधनाची नाहीत.

इथे एक हरकत येते, आणि ती रास्त आहे. खाणी अडकल्या, पर्यटन दोन हंगामांत फुगतं-बसतं, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही प्रोटॉनचा चारशेवा भाग कसला मोजता? लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली ती २६०० कोटींची. झुआरीवरचा नवा पूल सुमारे अडीच हजार कोटींना पडला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं, देशाच्या पातळीवर ही रक्कम डोळे पांढरे करणारी नाही. अर्थात कुठ्ठाळी-आगशीच्या वाहतूककोंडीत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांना पुलाचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही, आणि कृष्णविवरांचा सांगावा लागतो. मी तो 'याच्यातून उद्या मोबाइल निघेल' अशा थाटात सांगणार नाही. उपयोग माणसांत उतरतो. ज्याला अतिनिर्वात टिकवता येतो, कंपन रोखता येतं, फोटॉन मोजता येतात, तो माणूस औषध कारखान्यापासून समुद्रविज्ञानापर्यंत कुठेही उभा राहतो. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचं पाण्याखाली स्वतः फिरणारं छोटं यान घडवलं, ते असल्याच हातांनी.

मंजुरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. लायगो-इंडियाला तत्त्वतः होकार मिळाला होता फेब्रुवारी २०१६ मध्ये, शोध जाहीर झाल्यावर आठवड्याभरात. पूर्ण मंजुरीला आणखी सात वर्षं गेली. अमेरिकेतून यायच्या यंत्राचे भाग त्या काळात खोक्यांत पडून होते. पैशांची अडचण होतीच, पण देशात हे यंत्र जोडू शकणारे हात मोजकेच होते, हेही खरं. गणितात आपण मागे नव्हतो. आदळलेल्या कृष्णविवराचा नाद कसा विरत जाईल हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. गोंगाटातून लहर ओळखण्याच्या पद्धतींचा पाया रचण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले संजीव धुरंधर पुढे होते. उणीव होती ती टेबलाची.

केंद्राने त्याच एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यात सूक्ष्म मापनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. चांगलं झालं. पण मिशन २०३०-३१ ला संपतं. आठ वर्षांत केव्ह्ज यांच्या कल्पनेचं काय झालं असतं? १९८९ मध्ये अहवाल लिहिला गेला असता, 'उद्दिष्ट अंशतः साध्य'. (किनाऱ्यावर 'क्वांटम हीलिंग'च्या पाट्या लावणाऱ्यांचं उद्दिष्ट मात्र पहिल्या महिन्यात साध्य होतं.) गोव्यात तर आपण मुदतीचा कळस केला आहे. महाविद्यालयांत 'लेक्चर बेसिस'वर शिकवणारा भौतिकशास्त्राचा पदवीधर पुढच्या जूनमध्ये तिथे असेल की नाही हे त्याला माहीत नसतं. तो तीन वर्षं चालणारी जुळणी हातात कशाला घेईल? प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी राहिली तर कुणी मोर्चा काढत नाही. आयआयटीचं कुंपण मात्र बातमी होतं.

आपल्याला मोठी माणसं आठवायला आवडतात. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्याचे, आणि त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव पणजीच्या कला अकादमीत भरतो. त्याला गर्दी होते याचा मला आनंद आहे. तिथे इतिहासकार कोसंबींबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना १९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक संकेताचे स्वतंत्र घटक सुटे करण्याची जी रीत मांडली, ती आज कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांसोबत त्यांच्याही नावाने ओळखली जाते, आणि गोंगाटातून खूण वेचणाऱ्या आजच्या तंत्रांच्या कुळात तिला मानाची जागा आहे. त्यांच्या नावाने व्याख्यान ठेवायला एक सभागृह लागतं. त्यांच्या नावाने गोंगाट मोजणारी प्रयोगशाळा काढायला त्याहून लहान खोली पुरेल, फक्त ती वर्षभर आणि वर्षानुवर्षं उघडी ठेवावी लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला भूसंपादन लागत नाही. ताळगाव पठारावरचं विद्यापीठ, फर्मागुडीतली आयआयटी आहे त्या जागेतच, आणि साखळी, केपे, खांडोळा, पेडणे इथली सरकारी महाविद्यालयं. यांतल्या निदान दोन-तीन ठिकाणी कंपनरोधक टेबल, लेसर, एक अंधारी खोली, आणि मुख्य म्हणजे दहा वर्षं न हलणारा एक शिक्षक व एक तंत्रज्ञ. या दोघांना कायम नेमणूक द्या. पहिली पाच वर्षं त्यांना शोधनिबंध विचारू नका, दाबलेला प्रकाश किती डेसिबेलचा निघाला ते विचारा. पहिल्या वर्षी शून्य येईल. मग अर्धा. आयआयटीला पुढे खरोखर जागा लागली तर तोवर कशासाठी लागते हे सांगू शकणारी माणसं तरी इथे असतील, आणि गावाच्या ग्रामसभेत जाऊन ती स्वतः बोलू शकतील.

पोरं शिकून बाहेर जातील, हे खरं. जाऊ देत. औंढ्याला लागणार आहेत, इंदूरच्या लेसर-संशोधन केंद्रात लागतात, आयुकात लागतात. आणि सगळी पदवीधरच असली पाहिजेत असंही नाही. लायगोचे बाहू म्हणजे सव्वा मीटर व्यासाच्या, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्या. त्यांच्या सांध्यातून हवेचा मागमूसही आत येता कामा नये, नाहीतर वरचं सगळं क्वांटम गणित फुकट. वास्कोच्या गोदीत पोलादाचे सांधे जोडणारे तरबेज वेल्डर आजही आहेत. त्यांच्यातल्या चार जणांना निर्वातासाठीची जोडणी आणि गळती तपासण्याचं तंत्र शिकवून आयटीआयमध्ये शिक्षक म्हणून नेमायचं असेल, तर त्याचा प्रस्ताव येत्या अर्थसंकल्पाआधी एका टाइप केलेल्या पानावर मांडता येईल.